अंगठ्यापासून सहीपर्यंत

अण्णांना डिमेन्शिया झालाय, हे आम्ही घरात मान्य करून टाकलं होतं. तशी व्यवस्थाही लागली होती. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद, एटीएम कार्ड महेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पाकिटात, दाराला वरची कडी, आणि बँकेच्या खात्यावर सहीच्या जागी अंगठा. हे सगळं कसं करायचं ते सांगणारे आजूबाजूला पुष्कळ होते. आमच्या इमारतीत मजल्यागणिक असं एक घर निघेल. पण माणूस तिथून परत यायला लागला तर काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून लिहिते आहे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. बेस्टमध्ये कंडक्टर होते. आम्ही काळाचौकीला, अभ्युदयनगरात राहतो. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातला हिशेब डेपोत भरणा करतानाचाच होता. भाजीवाला कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत अण्णांचा आकडा तयार असायचा, वर सुट्टे किती परत यायचे तेही. पहिलं गेलं ते हेच. शंभराची नोट पुढे करायची आणि समोरचा देईल ते मुकाट्यानं खिशात टाकायचं. पेपर हातात असायचा, पण तासाभरानंही तेच पान. एकदा दूध आणायला उतरले आणि बसस्टॉपच्या बाकावर बसून राहिले. शेजारच्या काकांनी वर आणून सोडलं. ‘कुठे निघाला होतात?’ म्हणून विचारलं तर खूप वेळानं म्हणाले, ‘दूध.’ म्हणजे ठाऊक होतं. फक्त उठून जायचं राहून गेलं होतं.

त्याच सुमारास घरात पंख्यावरून भांडणं व्हायची. मुंबईतला मे महिना, अंगाला चिकटणारा घाम, आणि अण्णा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून ‘पंखा बंद करा’ म्हणून ओरडायचे. ओरडायचे म्हणजे काय, आवाजच जाडा आणि घोगरा झाला होता, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा. चेहरा भरला होता. गावाहून आलेल्या दिरांनी तर ‘तब्येत सुधारली हो अण्णाची’ असं सांगून आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खूश केलं होतं. पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री इसबगोल. पायाची कातडी इतकी कोरडी, की खोबरेल तेल लावलं तरी टाचा फुटलेल्या. कानाला कमी येत होतं. सुटं सुटं घेतलं तर यातल्या प्रत्येकाला ‘वय’ हे उत्तर पुरतं. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते, पोट साफ होत नाही, ऐकू येत नाही, विसरायला होतं. इतक्या तक्रारी, एकच उत्तर, आणि ते चुकीचं वाटायचं काही कारण नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनीही ‘वयोमानानुसार’ हाच शब्द वापरला. पुढे एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो. तिथे तीस गुणांची परीक्षा झाली: आज वार कोणता, आपण कुठल्या शहरात आहोत, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा. अण्णांना सतरा मिळाले. एमआरआयमध्ये मेंदू थोडा आक्रसलेला, बारीक रक्तवाहिन्यांचे जुने डाग. या वयात ते बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्ये असतं हे मला नंतर कळलं. हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ पाहिलं गेलं. थायरॉइडचा रिपोर्ट फाइलमध्ये होताच, नॉर्मल. त्यावरची तारीख साधारण तीन वर्षांपूर्वीची होती, पण नॉर्मल रिपोर्टवरची तारीख कोण बघतं? डोनेपेझिल नावाची डिमेन्शियासाठीची गोळी सुरू झाली.

बँकेचं प्रकरण याच काळातलं. अण्णांची सही हलायला लागली होती. चेक दोनदा परत आला. बँकेतल्या बाईंनी समजुतीनं सांगितलं, की सही जुळत नसेल तर अंगठ्यावर घ्या, पुढचा त्रास वाचेल. दोन साक्षीदार, फोटो, शाईचं पॅड. पस्तीस वर्षं लोकांची तिकिटं फाडणाऱ्या माणसानं निळा अंगठा उमटवला आणि टेबलावरच्या कागदाला पुसला. कुणी काही बोललं नाही. बाईंनी कागद बदलला.

डोनेपेझिलनंतर अण्णांना चक्कर यायला लागली. एका सकाळी जिन्यात कठडा धरून बसले ते उठेनात. टॅक्सी करून परळला केईएमला नेलं. मला शाळेत फोन आला तेव्हा मी सहावीचा तास घेत होते. पोचेपर्यंत कॅज्युअल्टीत त्यांना मॉनिटर लागला होता. नाडी चव्वेचाळीस.

तिथली निवासी डॉक्टर मुलगी माझ्या भाचीच्या वयाची असेल. डोळ्यांखाली काळं, गळ्यातल्या स्टेथोस्कोपला रबरबँड गुंडाळलेला. तिनं विचारायला सुरुवात केली तशी उत्तरं आई देऊ लागल्या. आईंनी गेलं वर्ष असंच सांभाळलं होतं. कुणी अण्णांना काही विचारलं की त्या मध्येच, ‘अहो, सकाळी पोहे खाल्लेत ना,’ ‘अहो, हा आपला विजय,’ असं सुचवायच्या. बाहेरच्याला अण्णांची अवस्था कळू नये हा त्यामागचा हेतू. ती मुलगी म्हणाली, ‘आजी, तुम्ही जरा पाणी प्या. आजोबांना बोलू द्या.’ आणि मग ती गप्प उभी राहिली. कॅज्युअल्टीतल्या त्या गोंधळात तिनं एवढा वेळ कुठून काढला देव जाणे. अण्णांनी बऱ्याच वेळानं उत्तर दिलं, पण बरोबर दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही तसंच. तिनं त्यांना नोकरीविषयी विचारलं आणि सायनपासूनचे थांबे सांगा म्हणाली. राणी लक्ष्मीबाई चौक, माहेश्वरी उद्यान, खोदादाद सर्कल, हिंदमाता, परळ, लालबाग. सावकाश, घोगऱ्या आवाजात, पण क्रम चुकला नाही. जुनं आठवतंय म्हणजे डिमेन्शिया नाही असं मात्र होत नाही, अल्झायमरमध्येही जुनं बराच काळ टिकतं. तिचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. ‘माहिती आत आहे,’ ती म्हणाली, ‘बाहेर यायला फार वेळ लागतोय.’

मग तिनं अण्णांच्या घोट्यामागे हातोडी मारली. पाऊल झटकन हललं आणि परत जागेवर यायला रेंगाळलं. तिनं पुन्हा मारून शेजारच्या मुलाला दाखवलं. भुवया बघितल्या, बाहेरच्या टोकाकडचे केस विरळ झाले होते. ‘आवाज पहिल्यापासून असाच आहे?’ ‘थंडी वाजते का?’ पंख्याची हकीकत मी सांगितली तशी ती पहिल्यांदा हसली. ‘गोळ्या दाखवा.’

आईंच्या पिशवीत अण्णांचा प्लास्टिकचा डबा होता, वार लिहिलेला. त्यातली एक पांढरी गोळी तिनं बाजूला काढली. अमायोडेरॉन. ‘ही कधीपासून?’

ही हृदयाची गोळी. तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या छातीचे ठोके अनियमित झाले होते, तेव्हा एका खासगी रुग्णालयात सुरू केलेली. ठोके ताळ्यावर आले, मग ते डॉक्टर दुसरीकडे गेले, आणि चिठ्ठी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे राहिली. महिन्याच्या महिन्याला गोळ्या घरपोच. ‘ही चालू असताना दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हर बघायचं असतं. शेवटचं कधी बघितलंत?’ महेशनं फाइलमधला तो नॉर्मल रिपोर्ट पुढे केला. तिनं तारीख वाचली. गोळी सुरू व्हायच्या आठवडाभर आधीची होती.

थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी, शरीराचा वेग तिच्या हार्मोनवर चालतो. तिच्या तपासणीत टीएसएच ८६ आला. साधारण चार-साडेचारपर्यंत ठीक समजतात, वयस्कांत थोडं जास्तही चालतं. पण ८६ म्हणजे काही चालण्यातला आकडा नव्हे. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, जेमतेम ०.३. सोडियम कमी, कोलेस्टेरॉल वाढलेलं. हेही थायरॉइड मंदावल्याचेच परिणाम. आमचा गोंधळ असा, की थायरॉइड कमी आहे म्हणतात आणि आकडा वाढलेला कसा? तिनं समजावलं की टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते, थायरॉइडला काम करायचा हुकूम म्हणून. काम होत नसलं की हुकूम वाढत जातात. हे सगळं अण्णा पलंगावर पडून ऐकत होते. आम्हाला वाटत होतं डोळे मिटलेत म्हणजे झोपलेत. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘म्हणजे स्टार्टर शिट्टी मारतोय आणि गाडी हलत नाही.’ डॉक्टर मुलीनं विचारलं स्टार्टर कोण, तर महेशला सांगावं लागलं: बस सोडणारा, चौकीवर बसतो तो. पुढे वॉर्डातल्या राउंडला तिनं मोठ्या डॉक्टरांना हेच सांगितलेलं मी ऐकलं.

गोळीनं काय केलं तेही कळलं. अमायोडेरॉनच्या वजनातलं सुमारे ३७ टक्के आयोडीन असतं. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम. ते सगळं एकदम सुटत नाही, पण रोज साधारण सहा मिलिग्रॅम रक्तात येतं. माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅमची, म्हणजे हे चाळीसपट झालं. आयोडीनचा असा पूर आला की थायरॉइड काम थांबवते. बहुतेकांची काही दिवसांत पुन्हा चालू होते, काहींची होत नाही. काहींच्या बाबतीत उलट होऊन ती भरमसाट चालायला लागते. आमच्या शाळेच्या भिंतीवर वर्षानुवर्षं आयोडीनयुक्त मिठाचा तक्ता लावलेला आहे, गलगंड झालेल्या बाईच्या चित्रासकट. थायरॉइड म्हटलं की आयोडीन कमी पडतं एवढंच डोक्यात बसलेलं. अण्णांचं निदान कळल्यावर तळमजल्यावरच्या वहिनी समुद्रातल्या शेवाळाच्या कॅप्सूल घेऊन आल्या होत्या. प्रेमानं आणलेल्या. त्या मी कपाटात ठेवून दिल्या.

आम्हाला वाटलं, गोळी बंद केली की प्रश्न मिटला. तसं नसतं. हे औषध शरीरातल्या चरबीत साठून राहतं, अर्धं निघून जायलाच कित्येक आठवडे लागतात. शिवाय ठोके त्यानंच सांभाळले होते. केईएमच्या हृदयविकार विभागानं सगळं तपासून सांगितलं की ती चालू राहू दे, सोबत थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच हार्मोन गोळीतून, द्या. बंद झालं ते डोनेपेझिल. ते नाडी मंदावू शकतं, आणि अण्णांची नाडी थायरॉइडनं आधीच मंदावलेली होती, वर अमायोडेरॉन. तीन बाजूंनी ब्रेक.

थायरॉक्सिन द्यायच्या आधी सकाळी आठच्या ठोक्याला पुन्हा रक्त घेतलं. ते कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींच्या हार्मोनसाठी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कमी पडत असतील आणि तशात थायरॉक्सिन दिलं, तर माणूस कोसळू शकतो. ते ठीक निघालं. मग २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात. मला वाटलं ८६ आकडा आहे तर चांगली जोरात द्या. पण हृदयाचा पेशंट, वय झालेलं. थंडावलेलं शरीर एकदम पळवलं तर ताण हृदयावर येतो. डोस वाढवायचा तो कलाकलानं, आणि तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी टीएसएच करून उपयोग नाही, कारण आकडा स्थिरच झालेला नसतो. नणंद डोंबिवलीहून दर रविवारी फोन करून विचारायची, रिपोर्ट केला का. तिला हे सहा आठवड्यांचं गणित पटवण्यात माझे किती रविवार गेले!

पुढच्या तपासण्या एंडोक्राइनॉलॉजीच्या, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या, ओपीडीत. केसपेपर, रांग, बाक. त्या बाकावर मी जे ऐकलं त्यानं माझी या आजाराकडे बघायची नजरच बदलली. साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा सांगत होता की आई सहा महिने भ्रमिष्टासारखी वागत होती. रक्तातलं कॅल्शियम वाढून तेरावर गेलेलं. गुडघेदुखीसाठी कुणीतरी व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या लिहून दिल्या होत्या, आठवड्याला एक. चिठ्ठी हरवली आणि आजी रोज एक घेत राहिल्या. डी जीवनसत्त्व म्हणतात खरं, पण शरीरात त्याचं काम हार्मोनसारखं चालतं, आणि ते जास्त झालं की कॅल्शियम चढतं. दुसऱ्या एकांच्या वडिलांना पॅराथायरॉइडची गाठ होती. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, कॅल्शियमचा ताबा त्यांच्याकडे. एक जरी बेफाम झाली तरी कॅल्शियम चढतं, आणि माणूस गोंधळलेला, उदास, सारखा तहानलेला होतो. तिसरे एक मधुमेही काका, जेवण निम्मं झालं पण गोळी तीच, म्हणून पहाटे साखर खाली जायची आणि ते बायकोला ओळखायचे नाहीत. इन्शुलिन वाढवणाऱ्या गोळ्यांचा वयस्कांना हा धोका जास्त. एका बाकावर इतकी माणसं, आणि प्रत्येकाच्या घरी ‘वय झालं’ हे म्हणून झालेलं.

हे वाचून कुणी असं समजू नये की विसरणारा प्रत्येक म्हातारा एका गोळीनं बरा होतो. मला हे आकडे महत्त्वाचे वाटतात म्हणून देते. मार्क क्लारफिल्ड नावाच्या वृद्धरोगतज्ज्ञांनी 2003 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा डिमेन्शियाच्या सुमारे ९ टक्के रुग्णांत उलटवता येण्याजोगं काहीतरी सापडलं होतं, पण प्रत्यक्षात उलटलं ते फक्त ०.६ टक्के लोकांत. म्हणजे थायरॉइड बिघडलेलं सापडलं, दुरुस्तही केलं, तरी खालचा अल्झायमर असेल तर तो राहतोच. केईएममधल्या डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं: ‘किती परत येईल ते सहा महिन्यांनी बोलू.’ मला ते तेव्हा कोरडं वाटलं. पण आईंना खोटी आशा लावली नाही हे बरं झालं. आणि तरीही रक्ताची एक नळी, काहीशे रुपयांची तपासणी. ९ टक्के ऐकून करावी, ०.६ ऐकून टाळू नये, असं माझं मत.

थायरॉइड मंदावलं की डोकं बिघडतं हे काही नवं ज्ञानही नाही. रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी 1949 मध्ये असे चौदा रुग्ण नोंदवले होते, भ्रम झालेले, वेडात काढलेले. त्याच्याही आधी, 1891 मध्ये, जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंना बरं केलं होतं, आणि त्या पुढे अठ्ठावीस वर्षं जगल्या. आपल्याकडे मेंढीची गरज उरलेली नाही. पांढऱ्या गोळ्यांची बाटली येते, ती कोरड्या जागी ठेवायची एवढंच.

ती गोळी घेणं मात्र आमच्या घरातलं सगळ्यात मोठं युद्ध ठरलं. थायरॉक्सिन उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा-पाऊण तास काही नाही. चहा-कॉफी तर नाहीच, त्यानं गोळी नीट शोषली जात नाही. अण्णा पहिल्या पाळीच्या सवयीनं साडेचारला उठतात आणि उठल्या उठल्या चहा लागतो. पन्नास-पंचावन्न वर्षांचा शिरस्ता. पहिल्या तपासणीत टीएसएच हवा तेवढा उतरला नाही तेव्हा कळलं, की गोळी देताना आई सोबत चहाचा कपही देत होत्या, ‘नुसत्या पाण्यानं मळमळेल’ म्हणून. शिवाय आईंची कॅल्शियमची गोळी अण्णाही घेत होते, हाडांसाठी चांगली म्हणून, त्याच वेळी. कॅल्शियम आणि लोहाची गोळी थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवायची असते. मग मी फळ्यासारखा तक्ता करून फ्रिजवर लावला. गोळी अण्णांच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ. जाग आली की घ्यायची आणि पाचपर्यंत खिडकीत उभं राहायचं.

परत काय आलं, आणि कोणत्या क्रमानं? आधी पोट. इसबगोलचा डबा आपोआप मागे गेला. मग पंखा: एके दिवशी स्वतः उठून दोनवर केला. आईंनी ते मला फोन करून सांगितलं, शाळेच्या वेळात. चेहऱ्याची सूज उतरली तेव्हा ते एकदम म्हातारे दिसायला लागले, गालफडं बसलेली. दिरांनी व्हिडिओ कॉलवर पाहून ‘अण्णा खंगला’ म्हणून काळजी केली. आवाज सुटला. नाडी साठावर आली. डोकं सगळ्यात शेवटी. टीएसएच आवाक्यात आल्यावरही काही महिने ते रेंगाळतच होतं, आणि त्या दिवसांत महेशचा धीर सुटत चालला होता: रक्त नॉर्मल, मग आता अडलंय कुठे? डोस २५ वरून ५०, मग ७५ झाला. पुढच्या परीक्षेत चोवीस गुण, नंतर सव्वीस. घड्याळ काढलं ते बरोबर होतं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. भाजीवाल्याकडचा हिशेब येतो, पूर्वीइतका झपाट्यानं नाही. नवीन फोन शिकवला तो जमत नाही, दुपारी काय ठरलं होतं ते संध्याकाळी सांगावं लागतं. एमआरआयमधले डाग कुठे जाणार?

आणि इथून पुढचा भाग कुठल्याच केसपेपरवर नव्हता. अण्णा शुद्धीवर येत गेले तसं त्यांना दिसायला लागलं, की घरात त्यांचं काहीच उरलेलं नाही. दाराची वरची कडी त्यांनी एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन काढली आणि टेबलावर ठेवली. त्यावर कुणी चर्चा केली नाही. दूध आणायला खाली जायचं म्हणाले तर आई पाठोपाठ निघाल्या, दोन पायऱ्या मागे. ते थांबले की त्या थांबायच्या. अण्णांनी वळून सांगितलं, ‘तू वर जा.’ आई वर आल्या आणि खिडकीतून बघत बसल्या. त्यांना मी काय समजावणार? गेल्या वर्षभरात त्यांनी अण्णांच्या वतीनं बोलायची सवय लावून घेतली होती. आता त्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडून अण्णा स्वतः बोलायला लागले की त्यांचा चेहरा पडायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये महेश अण्णांच्या जागी जायचा. पुढच्या मीटिंगला दोघं गेले, आणि सेक्रेटरी हातातला कागद कुणाला द्यायचा म्हणून घुटमळले. औषध रोज गोळीनं चढत होतं. घरातली माणसं कुठल्या डोसानं चढणार होती?

बँक सगळ्यात शेवटी. अण्णांचा हट्ट: सही परत हवी. काउंटरवर नवीन मुलगा होता. त्यानं दोनदा विचारलं, ‘सहीवरून अंगठ्यावर ना?’ उलट, असं सांगितल्यावर तो मॅनेजरकडे गेला. त्यांच्याकडे सहीवरून अंगठ्यावर यायचा छापील अर्ज होता. परत जायचा नव्हता. साध्या कागदावर अर्ज लिहा म्हणाले. तो अण्णांनी स्वतः लिहिला, पान भरून, ‘माननीय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत, बेस्टमध्ये रजेचा अर्ज लिहायचे तसा. सोबत आधार, नवे फोटो, आणि डॉक्टरांचं पत्र. पत्रासाठी ओपीडीतला एक पूर्ण सोमवार गेला. तिथल्या डॉक्टरांना आधी कळेचना हे कशाला हवंय. मग त्यांनी लिहून दिलं की रुग्णाला थायरॉइडच्या कमतरतेमुळे स्मृतिदोष झाला होता, उपचारानं लक्षणीय सुधारणा आहे, व्यवहार समजून घेण्यास ते सक्षम आहेत. अण्णांनी त्या पत्राची झेरॉक्स काढून स्वतःच्या पाकिटात ठेवली आहे.

नव्या कार्डावर सही जुन्यासारखी आली नाही. शेवटची वेलांटी आखूड झाली. मुलगा म्हणाला, जुनी जुळत नाही तर हीच नवी धरतो, पण यापुढे हीच करायची. अण्णांनी आणखी दोन कोरे कागद मागून घेतले आणि तीच सही ओळीनं करून दाखवली. चेकबुक टपालानं आलं. पहिला चेक सोसायटीच्या मेंटेनन्सचा.

एटीएम कार्डाचं अजून ठरलेलं नाही. पिन ते विसरतात, आणि लिहून ठेवायचा तर पाकिटात नको, एवढ्यावर एकमत आहे. महेशचं म्हणणं कार्ड त्याच्याकडेच राहू दे, पैसे मागाल तेव्हा काढून देतो. अण्णांचं म्हणणं, चेक आहे ना, मी बँकेत जाऊन काढीन, चालणंही होतं. नणंद अण्णांच्या बाजूची. आई म्हणतात पुढच्या टीएसएचपर्यंत थांबा. तो रिपोर्ट सहा महिन्यांनी, आता दर सहा महिन्यांनीच, ती हृदयाची गोळी चालू आहे तोवर.